सासू कोंडा कांडते

आमच्या गावाबाहेर, मुरबाडच्या रस्त्याला, गोल्फचं मैदान आहे. मी तिथे गवत खुरपायला जाते. माझी सून तिथेच कॅडी आहे, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्यांची बॅग घेऊन त्यांच्यामागे चालते. मैदान चढउताराचं. संध्याकाळी तिचा गुडघा सुजलेला असायचा.

तिथल्या कोचला मुलांना शिकवताना हाताखाली एक बाई हवी होती. कॅडी बायकांनी चेंडू मारून दाखवायचा, त्यातली एक तो घेणार. काम सावलीत, एका जागी. ते मिळालं नाही तर बॅग सोडून घरी बसायची वेळ तिच्यावर येणार होती.

तिची अडचण हातांची होती. भाताची झोडणी नुकतीच संपली होती. झोडताना पेंढी डोक्यावरून आणून फळीवर आपटायची आणि तिथेच अडवायची, म्हणजे दाणा सुटतो. सरावासाठी मैदानावरून घरी आणलेली काठीही ती तशीच आपटायची. अंगणात खड्डे पडले, चेंडू जागचा हलेना.

‘कोच बोलतो, घाई करतेस,’ ती म्हणाली.

‘मग नको करू,’ मी म्हटलं. याहून जास्त मला त्यातलं कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही नव्या भाताचे पोहे कांडले. एका उखळात दोन मुसळं, एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. भाजलेलं भात गरम असतानाच चेपलं पाहिजे, म्हणून ती घाईला आली. मुसळावर मुसळ आदळलं आणि दोघींचे हात झिणझिणले.

‘वर गेलं की थांब गो! माझं उतरू दे आधी.’

मग जमलं. पोहे झाल्यावर तिने काठी उचलली. ‘आई, तुमी कांडत बसा, थांबू नका.’

‘काय कांडू? माझं डोकं?’

रिकाम्या उखळात मुसळ मारत नाहीत, म्हणून मी कोंडा टाकला. माझं मुसळ खाली पडेपर्यंत ती काठी वर धरायची, मग सोडायची. रोज संध्याकाळी हेच. शेजारीण कुंपणावरून बघायची.

‘बरं चाललंय! सासू कोंडा कांडते नि सून वारा झोडते.’

‘तुला पोहे नाय दिले म्हणून बोलतेस.’

‘मग दे ना!’

दिले. त्यानंतरही ती बोलतच राहिली.

निवडीच्या दिवशी मी जवळच खुरपत होते. सुनेने पहिला चेंडू झोडला. माती उडाली, चेंडू दोन हात घरंगळला. बाकीच्या बायका हसल्या. दुसऱ्या वेळी तिने काठी वर नेली आणि तशीच धरली. मला वाटलं, विसरली. मग काठी खाली आली, न अडता पुढे फिरली, आणि चेंडू सरळ गेला. फार लांब नाही. पुढचेही तसेच, तेवढेच. एका पोरीचे चेंडू हिच्या दुप्पट लांब पडले, पण एक झाडीत आणि एक तळ्यात.

कोचने सुनेला घेतलं. ‘पहिला सोडला तर सगळे एकसारखे,’ तो म्हणाला. ‘मुलांना तेच दाखवायचं असतं.’ ती पोरगी त्याच्याशी भांडली. तिचंही खोटं नव्हतं. बॅग तीही उचलत होती.

नव्या कामाचा पहिला दिवस संपवून सून घरी आली आणि ओट्यावर बसली. मी गुडघा दाबून बघितला. सूज नव्हती.

‘दिवसभर उभं राहून टाचा दुखतात,’ ती म्हणाली.

‘मग उद्या खुर्ची माग.’