उलटा पीळ

घरात दोन टकळ्या होत्या. एक थोरल्या जावेच्या हातात आणि दुसरी धाकटीच्या तोंडात. दोन्ही दिवसभर फिरत असत. शेजारपाजारचे म्हणत, जावाजावांचं इतकं सूत जमलेलं कुठे बघितलं नाही, आणि हे ऐकून थोरलीला गुदगुल्या होत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि दिराच्या या घरात आपल्याला एक खोली आहे ती कुणाच्या उपकाराने नव्हे, तर मायेने, असं ती धरून चालली होती.

नोकरी होती तोवर ती दवाखान्यात मलमपट्टीच्या खोलीत होती. हाताने डावखुरी. तिने गुंडाळलेली पट्टी सगळ्यांच्या उलट जाई, त्यामुळे सोडवणारा आधी गोंधळे आणि मग म्हणे, "ही तुमचीच दिसते." वॉर्डात एकदा एक म्हातारी आली होती. पाय प्लास्टरमध्ये आणि हातात लाकडी टकळी. दुपारच्या सुट्टीत थोरली तिच्यासमोर बसून लोकर कातायला शिकली. म्हातारी उजव्या हाताने टकळीला गिरकी देई, ही डाव्या हाताने. पहिला वीतभर धागा डोळ्यांजवळ धरून म्हातारी हसली. "बाई, जगाचा पीळ एकीकडे आणि तुझा दुसरीकडे. बरं आहे, हरवला तरी ओळखशील."

निवृत्तीनंतर तर थोरलीला टकळीचं वेडच लागलं. खिडकीशी स्टूल, मांडीवर जुनी चादर, पायाशी टोपली. बोटांच्या चिमटीतून सैल लोकर सुटते आणि बघता बघता तिचा धागा होतो, त्या क्षणावर तिचा फार जीव होता. धागा नेहमी शहाण्यासारखा वागे असं मात्र नाही. इथे सुतळी तर तिथे कोळिष्टक. मग ती टकळी आपटे, वर्तमानपत्र वाचणाऱ्या दिरावर उगाच डाफरे आणि पाणी पिऊन पुन्हा स्टुलावर येऊन बसे.

विणणं तिला कधी जमलं नाही. दोन सुया आणि दहा बोटं यांचा तिच्याकडून मेळच बसेना. म्हणून कामाची वाटणी झाली होती. धाकटी गादीवाल्याकडून लोकर आणे, आपल्या खोलीत दार लोटून दातेरी फळ्यांवर पिंजे आणि कातायला मऊ वळकट्या, म्हणजे पेळू, करून थोरलीच्या टोपलीत ठेवी. थोरली काते. तयार लडी धाकटी घेऊन जाई, रंगवी आणि विणे. घरातला प्रत्येक जण मग तो स्वेटर घालून आरशासमोर उभा राही आणि म्हणे, "काय ऊब आहे हो धाग्याला." थोरली वरवर म्हणे, "पुरे, पुरे," आणि कान तिकडेच ठेवी. तिच्या स्वतःच्या अंगातला निळा स्वेटरही त्याच धाग्याचा. हिवाळाभर तो अंगावेगळा होत नसे.

पण अलीकडे धागा तुटू लागला होता. हातभर आला की तुटायचा, जोडला की पुढे पुन्हा तुटायचा. लोकर बोटांत धरच देईना. चष्मा बदलून झाला, बोटांना तेल लावून झालं, डॉक्टरकडे जाऊन झालं. धाकटी न मागता गरम पाण्याचं भांडं आणून द्यायची, त्यात ही हात बुडवून बसायची. एकदा तिथेच तिच्या तोंडून निघून गेलं, "माझे हात गेले गं." धाकटीने पाठीवरून हात फिरवला. "वयच झालं ना ताई आता. वाईट नका वाटून घेऊ."

थोरलीने त्यानंतर टकळी कपाटात ठेवून दिली होती. ती पुन्हा बाहेर आली ती पुतणीमुळे. हिला थोरलीने अंगाखांद्यावर वाढवलेलं. आता तिला दिवस गेले होते आणि ती थोडे दिवस राहायला आली होती. आल्या आल्या गळ्यात पडून म्हणाली, "मोठीआई, बाळाचं पहिलं पांघरूण तुझ्याच धाग्याचं हवं. दुसरं चालणार नाही." मग काय विचारता. हात गेलेली बाई पहाटे उठून कातायला बसू लागली. तुटला की जोडायचा, तुटला की जोडायचा. या पांघरुणापुरते तरी हात टिकू देत, एवढंच तिचं मागणं होतं.

एका दुपारी पेळूत तिच्या बोटाला काहीतरी कडक लागलं. काडी असेल म्हणून तिने ते ओढून काढलं. काडी नव्हती, बोटाच्या पेराएवढा धाग्याचा तुकडा होता. पिंजताना सुटायचा राहिलेला. तिने तो सवयीने दोन बोटांत फिरवला आणि तिचा हात थांबला. पीळ उलटा होता.

आपल्याच टोपलीतून पडला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. धाकटीसाठी सबबी शोधण्यात तिची अर्धी हयात गेली होती, तेव्हा ही एक सबब काही जड नव्हती. पण हातांनी पुढचा पेळू उकललाच. त्यात आणखी एक तुकडा. त्यापुढच्यात दोन. सगळे दोन्ही टोकांना सरळ कापलेले, कात्रीने.

खुर्चीवर अर्धं विणलेलं पांढरं पांघरूण होतं. तिने त्याच्या गुंड्याचं टोक घेऊन फिरवलं. पीळ सगळ्या जगासारखा. मग तिने आपल्या निळ्या स्वेटरची बाही उलटी केली, शिवणीतला धागा नखाने ओढून काढला आणि खिडकीशी जाऊन पाहिला. तोही बाजारचाच. इतके हिवाळे ती जी ऊब आपली म्हणून मिरवत होती, ती दुकानातून आली होती.

धाकटी गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि पलीकडच्या बाईशी चिमट्यांच्या दर्जावर बोलत होती. थोरलीने तळहात पुढे केला.

"हे काय आहे?"

"कुठे काय?"

"माझा धागा. तू दिलेल्या नव्या लोकरीत निघाला."

धाकटीचं बोलणं बंद पडलं. या घरात तसं कधी झालं नव्हतं. "पडला असेल ताई, टोपलीतून," ती शेवटी म्हणाली.

"कात्रीने कापून पडला?"

धाकटी ओल्या चादरीसकट खुर्चीत बसली. "पहिला स्वेटर केला तेव्हा पोरीच्या मानेवर पुरळ उठलं होतं. टोचायचा हो तुमचा धागा. आणि उलट्या पिळामुळे माझ्या सुईवर उकलायचा. तुम्ही इतक्या हौसेने बसायच्या. सांगायचं कसं?"

"तोंडाने," थोरली म्हणाली. "एरवी ते बंद असतं का?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. दोन दिवस फुगून बसले असते, तिसऱ्या दिवशी बारीक कातायला लागले असते. आणि लोकर? ती का कापलीस?"

"टाकायला जीव होईना. एवढ्या लड्या ठेवायच्या तरी कुठे? तुम्हाला तर सारखी नवी हवी असायची. म्हणून मग कापून, पुन्हा पिंजून..."

"म्हणून मला माझंच उष्टं वाढत राहिलीस."

थोरलीला रडू येईना. बाजारचा धागा, खोटं कौतुक, हे सगळं तिने एक वेळ गिळलं असतं. पण तीच लोकर कापून, पिंजून, पुन्हा कापून आखूड झाली होती, म्हणून धागा तुटत होता. हातांना काही झालं नव्हतं. आणि ज्या बाईला हे ठाऊक होतं, तीच गरम पाणी आणून देत होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. थोरलीला त्या गरम पाण्याची जेवढी चीड आली तेवढी कात्रीची आली नाही.

पुतणी दारात येऊन उभी होती. थोरलीने तिच्याकडे पाहिलं.

"तुलाही माहीत होतं?"

पुतणीने मान खाली घातली. "मोठीआई, लहान होते तेव्हापासून."

"मग पांघरूण माझ्याच धाग्याचं हवं म्हणालीस, ते?"

"तू कपाट बंद करून बसलेलीस. तुला जरा बरं वाटावं म्हणून."

हिचं मात्र थोरलीला सोसलं नाही. ती आपल्या खोलीत गेली, निळा स्वेटर काढून घडी करून पलंगाच्या पायथ्याशी ठेवला आणि नुसती शाल घेऊन पडून राहिली. दीर दारावर टकटक करून गेला. तो बिचारा काहीच बोलला नाही, म्हणजे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गादीवाल्याकडे गेली. तो चकितच झाला. "किती वर्षांनी आलात. धाकट्या बाई म्हणाल्या होत्या, तुम्ही कातणं सोडलंत." थोरलीने चांगल्यातली लोकर निवडून घेतली. घरी येऊन तिने ती स्वतः धुतली, वाळवली, स्वतः पिंजली आणि स्टुलावर बसून टकळीला डाव्या हाताने गिरकी दिली.

धागा आला. हातभर आला, खांद्यापर्यंत आला, टकळी जमिनीला टेकली तरी तुटला नाही. तिने गुंडाळला आणि पुन्हा सोडला. म्हातारीकडे शिकल्यापासून इतका बारीक, इतका एकसारखा धागा तिच्या हातून उतरला नव्हता. संध्याकाळी तिने लडी करून खिडकीच्या कडीला लावली आणि गालावर घासून पाहिली. कुठेही टोचली नाही. दाखवायला ती उत्साहाने दाराकडे वळलीसुद्धा.

दारात धाकटी आणि तिच्यामागे पुतणी उभी होती. कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे. दोघींचे डोळे लडीवर होते.

"किती सुंदर आलाय धागा, ताई," धाकटी म्हणाली.

"खरंच, मोठीआई," पुतणी म्हणाली.

धागा खरंच सुंदर आला होता. पण थोरलीने ते ज्याच्याकडून ऐकून खरं मानावं, असं आता त्या घरात कुणी उरलं नव्हतं.