शिवू का?

रंगूबाईंनी आयुष्यात कधी फूल हुंगलं नाही. मखमलाबादच्या शिवारात दीड एकर झेंडू, शेवंती आणि मोगरा. सगळा जन्म फुलांत गेला, पण वास घेतलेलं फूल उष्टं होतं, देवाला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. तसं आमच्याकडे सगळेच म्हणतात आणि कुणी बघत नसलं की हळूच हुंगतात. त्या मात्र हार ओवायला बसल्या की पदर नाकावरून घेऊन मानेमागे गाठ मारायच्या. लहानपणी वणीच्या यात्रेला न्यायच्या पाटीत त्यांनी नाक खुपसलं होतं, तर बापाने मुस्काटात मारून अख्खी पाटी ओढ्यात ओतली होती. ती चापट त्यांनी जपून ठेवली आणि पुढे माझ्यासाठी वापरली.

मी त्यांची सून, छाया. माहेर सायखेड्याचं. शहाण्णव साली लग्न होऊन आले आणि पहिल्याच महिन्यात कळलं, की या घरात बाहेर बसायचं म्हणजे ओट्यावर नाही, विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत. ऑइलचे डबे, एक गोधडी, एक जर्मनची ताटली. फुलांच्या घरात विटाळ चालत नाही म्हणे. ताटली त्या पायाने आत सरकवायच्या, पाणी वरून ओंजळीत ओतायच्या. पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून मी पायरीखाली उभी राहायचे आणि सासूला विचारायचे, "आत्या, शिवू का?" मनात आलं तर हो म्हणायच्या. नाहीतर मान वर न करता, "थांब अजून एक दिस." माझी तेजू दोन वर्षांची होती. तापाने फणफणली होती, आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि मी पायरीखाली उभी राहून हेच ऐकलं. त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन हजार नऊच्या श्रावणात स्वाईन फ्लू आला. शाळा बंद, थिएटरं बंद. नाशिकात तोंडाला बांधायचे मास्क मिळेनात, म्हणून लोक रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून हुंगत फिरायला लागले. रंगूबाई नेहमीसारख्या सराफ बाजारात पाटी घेऊन बसल्या, नेहमीसारखा नाकावर पदर. एक गिऱ्हाईक बाई चार पावलं मागे सरकली आणि मोठ्याने म्हणाली, "या म्हातारीला झालेलं दिसतंय." तेवढ्यात आत्यांना खोकला आला. मग काय, दुपारपर्यंत त्यांच्याजवळ माशी फिरकली नाही.

त्या घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. शेजारची सुलाबाई कुंपणापलीकडूनच ओरडून सांगून गेली. माझा नवरा संतोष सातपूरला कंपनीत, तीन पाळ्यांत काम, घरात असला की झोपलेला. आईचा पदर तो जन्मापासून बघत आला होता, पण त्या दिवशी त्यालाही तो वेगळा दिसला. त्याने आईला अंगणातच थांबवलं.

"आई, तुला खोकला कधीपासून हे?"

"झेंडूची धूळ हे ती. दरसाल येतो मला," आत्या म्हणाल्या. "छायाला इचार."

खरं होतं. झेंडूची तोडणी सुरू झाली की त्या दरवर्षी खोकायच्या आणि तोडणी थांबली की खोकला थांबायचा. हे त्यांना माहीत होतं आणि त्यांच्याबरोबर तेरा वर्षं फुलं तोडणाऱ्या मला. तिसऱ्या कुणाला नाही. संतोष माझ्याकडे बघत होता. तेजू माझ्या साडीला धरून उभी होती.

मी म्हणाले, "तीन दिवस झाले."

एवढंच म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. आत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग पाटी खाली ठेवली आणि कुणी सांगायच्या आधी मोटारीच्या खोलीकडे चालायला लागल्या. दवाखान्यात नेलं तर तिथल्या गर्दीतच लागण होईल, असं संतोषचं मत पडलं. आठ दिवस घरीच बाजूला ठेवू म्हणाला.

शाळा बंद, संतोषने रजा टाकलेली, आम्ही तिघं दिवसभर घरात. टीव्हीवर आज किती गेले ते बघायचं, कापूर हुंगायचा, भजी तळायची. फुलं कुणी घेत नव्हतं म्हणून तोडणीही बंद, झेंडू झाडावरच काळा पडला. मी जर्मनची ताटली पायाने आत सरकवायचे. पाणी वरून ओंजळीत ओतायचे. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. इतकं बरं मला त्या घरात कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आत्यांचा खोकला थांबला. मी भांडी घासत होते, कान तिकडेच होते. सकाळी नाही, दुपारी नाही, दिवेलागणीलाही नाही. तेव्हा तरी नवऱ्याला एक वाक्य सांगायला हवं होतं. जेवताना तो म्हणाला, "कशी हे आई?" मी म्हणाले, "हे तशीच."

तेजू सात वर्षांची, आजीच्या कुशीशिवाय तिला झोप यायची नाही. ती विहिरीशी दगडावर बसून दाराकडे तोंड करून बोलायची. आतून आत्या विचारायच्या, "केस इंचरले का गं? कोणी इंचरले?" एकदा तेजूने विचारलं, "आजी, तू आमाला कधी शिवशील?"

"तुझ्या आईला इचार," आत्या म्हणाल्या.

नवव्या दिवशी शाळा उघडली. सकाळी आत्या विहिरीवर डोक्यावरून न्हाल्या आणि ओल्या केसांनी पायरीखाली येऊन उभ्या राहिल्या. संतोष दारात, सुलाबाई कुंपणाशी, तेजू दप्तर लावून तयार. आजीला बघून ती धावली, मी तिचा दंड पकडला. आत्यांनी पोरीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छाया, शिवू का?"

या आत, एवढंच म्हणायचं होतं. ते शब्द तोंडात आलेही होते. पण मला ती तापलेली तेजू आठवली, आणि मी म्हणाले, "थांबा अजून एक दिवस."

त्यांनी मान डोलावली आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी बोलवायला गेले. म्हणाल्या, "मला हितंच बरं हे." तिसऱ्या दिवशी संतोष गेला, रडला, पाया पडला. त्या उठल्या नाहीत. मी खरं काय ते त्याला सांगितलं, तर तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही, पण आत्या काही घरात आल्या नाहीत. जेवण त्याच ताटलीत. काचेच्या ताटात वाढून नेलं, तर सगळं ताटलीत ओतून घेतलं. हार ओवायचं त्यांनी सोडलं. तेजू शाळेतून आली की खोलीत जाऊन बसायची, तेवढी तिला मुभा होती. मला दारापर्यंत.

मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी, त्या गेल्या. शेवंतीचा ऐन बहर होता. त्यांना अंगणात आणून ठेवलं, अंगावर ओंजळी-ओंजळीने शेवंती घातली. नाकात कापसाचे बोळे होते. शेवटपर्यंत त्यांनी फूल हुंगलं नाही ते नाहीच. सुलाबाई म्हणाली, "छाया, पाया पड गं सासूच्या." मी पुढे झाले, वाकले, हात पायांपर्यंत गेला.

तेजूने माझा दंड पकडला.

"आई," ती म्हणाली, "आजीला विचारलंस का?"