स्टार्टरमधली तुराटी

मार्चचा पहिला रविवार. विहिरीवरच्या पंपाला नवा पॅनल बसवला. मोटारीने किती करंट ओढला की पंप आपोआप बंद पडावा, ते मी लावत होते. शेजारी काढून ठेवलेल्या जुन्या स्टार्टरला अजून जळक्या वार्निशचा वास होता.

त्या वासाने आठवला माझ्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. मिरचीची रोपं माना टाकत होती, व्होल्टेज कमी होतं आणि स्टार्टर सारखा बंद पडत होता. तो नाटकं करतोय असं मला वाटलं; खरं तर तो मोटार वाचवत होता. गावात सगळे करायचे तेच मी केलं. हिरवं बटण दाबून ते दाबलेलंच राहावं म्हणून फटीत तुराटी, तुरीची वाळकी काडी, खुपसली. तासाभरात मोटारीतून धूर निघाला.

सासऱ्यांनी ती जळकी काडी धाकट्या दिरांपुढे धरली. मोटारी उघडून बघायचं वेड घरात दिरांनाच होतं.

“काऊन बे, हे तुयंच काम ना?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. “हाव, मायंच.”

“मंग आजपासून मोटारीले हात लावायचा नाही!”

तेव्हा वाटलं, सुटले. आज आठवतो तो भाऊजींचा उतरलेला चेहरा.

पॅनल बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी चहा देताना मी सासऱ्यांना म्हणाले, “मामंजी, तुराटी मी खुपसली होती.” मग विहिरीवर गेले आणि पाना भाऊजींच्या हातात दिला.