हॉलपुरती ऊब

बुरैदात कडाक्याची थंडी पडते, यावर नाशिकच्या माझ्या भावाचा अजूनही विश्वास नाही. सौदी म्हटलं की वाळू आणि घाम, याच्यापुढे त्याची गाडी जात नाही. जानेवारीत सकाळी इथल्या फरशीवर अनवाणी उभा राहून दाखव म्हणावं, मग बोलू. इथली घरं बांधलीत ती सगळी उन्हाला भिऊन. जाड भिंती, बारक्या खिडक्या, सूर्य आत येईल तर शपथ. हिवाळ्यात त्याच घरात दात वाजतात.

मी एका खजुराच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल बघतो आणि एका सौदी बागायतदाराच्या घराच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. हॉल, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. हॉलच्या कोपऱ्यात मालकांनी हौसेनं बसवलेली पेलेटची शेगडी आहे. भुसा दाबून केलेल्या, गुरांच्या खुराकासारख्या दिसणाऱ्या कांड्या तिच्या टाकीत ओतायच्या. आतला स्क्रू त्या थोड्या थोड्या करून एका भोकाभोकांच्या लोखंडी वाटीत सोडतो, तिथे त्या जळतात आणि पंखा गरम हवा बाहेर फेकतो. दोन्ही खोल्यांकडे भिंतीतून गरम हवेचा एकेक नळ गेलाय, म्हणजे एका शेगडीवर सगळं घर ऊबदार व्हावं अशी योजना. एकटा असताना मी ती पेटवायच्या भानगडीत पडत नसे. एक स्वेटर आणि दोन ब्लँकेटं माझ्यासारख्याला पुरतात.

त्या वर्षी बायको आणि मुलगी व्हिजिट व्हिसावर हिवाळ्यात आल्या. मुलगी दहावीपर्यंत माझ्याजवळच होती, जेद्दाला. मग दोघी नाशिकला गेल्या, पुढे मुलगी पुण्याला हॉस्टेलवर गेली, आणि मी नोकरीमागे इकडे बुरैदात आलो. वर्षातून एकदा सुट्टीवर जायचो तेव्हा तिची परीक्षा तरी असायची, नाहीतर मैत्रिणी तरी. फोनवर मी मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. ‘फाइन’, ‘ओके’, ‘या’. तेवढ्यात आमचं संभाषण आटपायचं. आता उन्हाळ्यानंतर ती शिकायला कॅनडाला जाणार होती. तिकडे गेलेली मुलं कशी परत येतात ते मला ठाऊक आहे, मीही तसाच सुट्टीपुरता घरी जाणारा. ती जायच्या आत मला माझी मुलगी पुन्हा ओळखीची करून घ्यायची होती. दुसरं काहीही नको होतं. त्यासाठीच मी व्हिसासाठी साहेबाच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या.

दोघी येणार म्हणून घरमालकांनी कांड्यांची पोती पाठवली. त्या लाकडाच्या नव्हत्या, इथल्याच खजुराच्या झावळ्या दळून केलेल्या होत्या. “मुहंदिस, आपल्या बागेची ऊब आहे,” असं ते कौतुकानं म्हणाले. इंजिनियरला इकडे मुहंदिस म्हणतात. तो शब्द ऐकला की उगाच छाती फुगते.

पहिल्याच संध्याकाळी फुगलेली छाती खाली आली. शेगडीच्या काचेसमोर कुरडया वाळतील इतकी धग, आणि खोल्यांत हात नळापाशी धरला तर फुंकर मारल्याइतकीही हवा गरम नाही. ज्योतही लहरी. मध्येच भसकन उठायची, मग अर्धा तास मलूल होऊन लोळत राहायची आणि काच काळी करायची. मुलगी दोन दोन मोजे घालून खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, “बाबा, माय रूम इज अ फ्रिज!” मग काय, गाद्या ओढल्या हॉलमध्ये. बायकोनं नाशिकहून आणलेल्या गोधड्या पसरल्या आणि तिघांनी शेगडीसमोर मुक्काम ठोकला.

ते दिवस मी आजही मनात पुन्हा पुन्हा काढून बघतो. मी कामावरून यायचो तेव्हा सूर्यास्ताची, मगरिबची अजान होत असायची. शेगडीच्या माथ्यावर शेंगा भाजत ठेवलेल्या असायच्या आणि दोघी गोधडीत पाय घालून पत्ते पिसत माझी वाट बघायच्या. बदाम सातमध्ये मुलगी सत्ते दाबून ठेवायची आणि वर साळसूद चेहरा करायची. हरली की भांडायची. भांडताना तिची इंग्रजी सुटायची आणि आजोळची अस्सल मराठी बाहेर यायची. “ए बाबा, चिडका बिब्बा आहेस तू!” हे तिनं मला म्हटलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी मुद्दाम आणखी चिडलो. शेंगा सोलता सोलता ती सांगायला लागली. हॉस्टेलच्या मेसमधल्या वरणाबद्दल, एका मैत्रिणीशी तुटलेल्या बोलण्याबद्दल. कॅनडाची आपल्याला भीती वाटते, पण आईला सांगू नकोस, हेही ती म्हणाली. आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. मी शेंगा सोलून तिच्या पुढ्यात ठेवत राहिलो.

आता शहाण्या माणसानं शेगडीला तिथंच हात जोडले असते. पण मला बिघडलेलं यंत्र बघवत नाही. शिवाय बायकोची कंबर जमिनीवर झोपून धरत होती. ती कुरकुरत नव्हती, पण उठताना भिंतीचा आधार घेत होती. आणि मुलीनं जाताना आईजवळ म्हणू नये की बाबाच्या घरी थंडी वाजली, हेही डोक्यात होतंच. तेव्हा शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी बाह्या सरसावल्या.

शेगडी थंड करून आधी तिचं काचेचं दार तपासलं. दाराच्या कडेची दोरी झिजली असेल तर बाहेरची हवा नको तिथून आत शिरते. दारात कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि कपटा ओढला. एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला अलगद सुटून आला. बिजागरी आवळली. मग धुराड्याची नळी सोडवून ब्रशनं खरवडली, तेव्हा माझं तोंड आणि अंगणातला मालकांचा पांढरा कट्टा दोन्ही काळे झाले. मग पोत्यातल्या भुकटीची शंका आली. भुकटी जास्त असली की स्क्रू कधी जास्त माल सोडतो, कधी कमी. बायकोनं पिठाची चाळण द्यायला साफ नकार दिला, म्हणून बाजारातून नवी आणली. मुलगी पोतं चाळायला बसली आणि दोघं मिळून धुळीत शिंकत राहिलो. प्रत्येक उपायानं ज्योत एखादा तास शहाण्यासारखी वागायची आणि पुन्हा आडवी व्हायची. खोल्या थंडच.

“आपली शेगडी लाडावलीय,” मुलगी म्हणाली. ‘आपली’ हा शब्द मी ऐकून ठेवला.

उलगडा झाला तो बायकोमुळे. रोज सकाळी, दोघी उठायच्या आत, मीच राख काढायचो. त्या दिवशी ती लवकर उठून माझ्यामागे चहाचा कप घेऊन उभी होती. मी वाटीतली वरची राख काढली, ब्रश झटकला आणि वाटी परत आत ठेवायला लागलो.

“अहो, खालची कोण काढणार?”

“ती राहू दे. तळाला थर असावा.”

“कशाला?”

मी आईच्या चुलीचं सांगायला लागलो. आमच्या घरी आई चुलीतली सगळी राख कधी काढत नसे. बोटभर थर ठेवायची, त्याखाली विस्तव झाकायची, म्हणजे सकाळी निखारा जिवंत सापडतो. चूल पार रिकामी केलेली तिला खपत नसे. माझ्या हातांनी ते इतकं पाठ केलं होतं की डोक्याला न विचारताच ते थर ठेवून मोकळे होत होते.

“सासूबाईंची चूल आहे का ही?” बायको म्हणाली. “अहो मुहंदिस, भोकं कुठे आहेत वाटीची?”

भोकं त्या थराखाली होती. ज्या भोकांतून ज्वाळेला हवा मिळायची, ती मी रोज मायेनं झाकून ठेवत होतो. त्यात झावळ्यांची राख भारी. तापली की वितळून दुधाच्या करपलेल्या खरवडीसारखी तळाला धरलेली. उलथन्यानं खरवडली तर अख्खी चकतीच निघाली. बायको हसता हसता खाली बसली. हसण्याचा आवाज ऐकून मुलगी गोधडी गुंडाळूनच उठून आली, आणि मग आम्ही तिघं त्या काळ्या चकतीभोवती बसून पोट धरून हसलो. इतके हसलो की वरून मालकांच्या घरातून कोणीतरी खिडकी उघडून बघितलं.

वाटी लख्ख करून शेगडी पेटवली. ज्योत सरळ उभी राहिली, पिवळीजर्द, स्थिर. पंख्याचा आवाज बदलला. मी दोन्ही खोल्यांत जाऊन नळापाशी हात धरला. गरम. दुपारपर्यंत खोल्यांच्या फरशीचाही गारवा गेला. मी विजयी मुद्रेनं दोघींना बोलावून हात धरायला लावले.

“फायनली! थँक यू बाबा!” मुलीनं मला मिठी मारली, आपली गादी आणि गोधडी उचलली, आणि खोलीत गेली. बायकोनंही पलंगावर चादर घातली आणि कंबर टेकून हुश्श केलं. संध्याकाळी मी शेंगा भाजल्या. मुलगी आली, मूठभर घेतल्या आणि कॅनडातल्या मैत्रिणीशी कॉल आहे म्हणून गेली. तिला थंडी वाजत नव्हती. मग हॉलमध्ये बसायचं कशाला? तिचंही बरोबरच होतं.

बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, “टाका परत थोडी राख.”

मी हसलो. मनात आलं नव्हतं असं नाही. पण आतल्या खोलीत मुलगी मोज्यांशिवाय बसली होती, आणि ती ऊब मीच तिथपर्यंत पोचवली होती. ती काढून घ्यायला हात धजावला नाही.

सुट्टीचे उरलेले दिवस रोज संध्याकाळी मी तिच्या बंद दारापाशी जायचो. खूप काही विचारायचं असायचं. मैत्रिणीशी पुन्हा बोललीस का, भीती कमी झाली का, मला तिकडून फोन करशील ना. दारावर टकटक करून विचारायचो ते मात्र एवढंच.

“ऊब येतेय ना?”

“येस बाबा, परफेक्ट.”

“बरं,” म्हणून मी परत फिरायचो.