नळाजवळचा फोन

कानात घालायचे बड्स मी कंपनीच्या बसमध्ये झोपता यावं म्हणून घेतले, असं मी घरी सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. वाळूजच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. पहिल्या पाळीची बस क्रांती चौकातून अंधारातच सुटते आणि आमच्या ड्रायव्हरला गाणी लावल्याशिवाय डोळे उघडे ठेवता येत नाहीत. बड्स घातले की त्याची गाणी दूर कुठेतरी वरात चालली असावी तशी वाटायची आणि डोळा लागायचा. पुढे दिवसभर प्रेस मशीनच्या दणक्यात उभं राहायचं असलं की सकाळची तेवढी शांतता फार मोठी वाटते. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना फोनही घेता यायचा. तोटे म्हणाल तर कान खाजायचा, एकदा एक बड रिक्षात सांडला तो सीटखाली हात घालून शोधावा लागला, आणि बायकोला प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगावी लागायची. ती म्हणायची, "कानात बोळे घालून बसलेल्या माणसाशी संसार करतेय मी."

पण खरं कारण अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील.

अण्णांनी उभं आयुष्य गंगापुरात पिठाची गिरणी चालवली. गिरणीच्या आवाजात त्यांचे कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले आणि गिरणी धाकट्या भावाने सांभाळली. अण्णांचा टीव्ही जिन्यापर्यंत ऐकू यायचा. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. ओरडून "बरं वाटतंय का" विचारलं तरी ते रागावल्यासारखंच वाटतं. अण्णा आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचे, मी चिडलोय का ते ताडायचे आणि मग उत्तर द्यायचे. ते बघणं मला सोसायचं नाही. म्हणून मी घरी आल्यावरही बड्स काढत नसे. टीव्हीचा आवाज बंद, अण्णांचाही बंद, मी माझ्या शांततेत. एका घरात दोन बहिरे. त्यांतल्या एकाने बहिरेपण विकत घेतलेलं.

कानाचं मशीन लावायला अण्णा तयार नव्हते. मशीन लावलं की माणूस बहिरा ठरतो, असं त्यांचं म्हणणं. त्यावर वाट माझ्या मुलीने काढली. ती इंजिनिअरिंगला आहे. तिने माझे जुने बड्स घेतले, अण्णांच्या फोनमध्ये काहीतरी सोय बसवली आणि त्यांच्या कानात ते घातले. फोनजवळ जो आवाज होईल तो मोठा होऊन त्यांच्या कानात जायचा. "अण्णा, फोन जिथं असेल तिथं तुमचा कान," तिने त्यांना समजावलं. बड्स सगळेच घालतात, त्यात बहिरेपणा दिसत नाही, म्हणून अण्णांनी ते ठेवून घेतले. पहिल्या दिवशी ते स्वयंपाकघरात नुसते बसून राहिले. थोड्या वेळाने माझ्या बायकोला म्हणाले, "सूनबाई, तू काम करताना गुणगुणतेस व्हय? मला आजवर ठाऊकच नाय." ती त्या दिवशी लाजून गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी जरा मोठ्याने गुणगुणायला लागली.

मग त्या बड्सना एक काम मिळालं. आमच्या भागात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही. आठवडा उलटून जातो, आणि येतं तेव्हा घरात कुणी नसलं तर ड्रम कोरडेच. पाण्याच्या आधी नळातून हवा येते, सूं असा आवाज होतो. अण्णा नळ उघडा ठेवायचे, त्याच्याशेजारी ओट्यावर फोन ठेवायचे आणि स्वतः गॅलरीत वाऱ्याला बसायचे. सूं वाजलं की गॅलरीतून हाक द्यायचे, "पाणी आलं हो!" सगळी इमारत बादल्या घेऊन उठायची. समोरच्या घरातले चाचा त्यांना म्हणायचे, "अण्णा, महापालिका आपसे पूछ के पानी छोड़ती है क्या?" अण्णा ओठातल्या ओठात हसायचे. लोकांच्या उपयोगी पडण्याचं ते हसू मी बऱ्याच वर्षांनी बघत होतो.

हे सगळं मला माहीत होतं. फोन नळाजवळ असतो हेही माहीत होतं. तरीही माझ्या डोक्यात तो फोन फक्त पाण्यासाठी होता. तो माणसाचं बोलणंही ऐकतो, हे मी विसरलो.

यंदाच्या उन्हाळ्यातली ती दुपार. मला साप्ताहिक सुट्टी होती, बायको बाजारात आणि मुलगी क्लासला गेली होती. अण्णा गॅलरीत. मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून रिकामे ड्रम घासत होतो. फोन खिशात, बड्स कानात, आणि बड्समध्ये धाकटा भाऊ. विषय मीच काढला होता. माझ्या तोंडून काय काय गेलं ते मी आता शब्दाला शब्द लावून आठवू शकतो, कारण त्यानंतर मी ते सतत आठवत आलो आहे. "तू घेऊन जा त्यांना. पावसाळ्यापर्यंत तरी ने." मग, "अरे, ओरडून ओरडून घसा बसतो माझा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा घरी येऊ वाटत नाही." कानात बड्स असले की आपला आवाज आपल्याला कमी ऐकू येतो आणि माणूस मोठ्याने बोलतो. मी चांगलाच मोठ्याने बोलत होतो.

भावाचं बोलणं मात्र फक्त माझ्या कानात होतं. तो म्हणाला, "दादा, इथं नको. हिचं अन् त्यांचं जमत नाय, तुम्हाला ठाऊक आहे. गिरणीत येऊन बसतात, गिऱ्हाइकाशी वाद घालतात. माझ्यावर आणू नका." मी पुन्हा रेटलं. त्याने पुन्हा नको म्हटलं. शेवटी मी थकून म्हणालो, "बरं, बरं. तू म्हणतोस तसं." आणि फोन ठेवला.

पुढचे दोन-तीन दिवस घरात सगळं नेहमीसारखं होतं. पाणीही येऊन गेलं, अण्णांनी हाकही दिली. मग एका संध्याकाळी कंपनीतून आलो तर अण्णा पलंगावर धोतरं घडी करून पिशवीत भरत होते. दाढी करून, केस कापून आले होते. शनिवारी गंगापूरला सोड, म्हणाले.

मी विचारलं, एकदम काय झालं?

"धाकटा बोलावतोय ना. तूच बोलत होतास त्याच्याशी." त्यांनी कानातल्या बडला बोट लावलं आणि मान स्वयंपाकघराकडे वळवली.

मला आधी काही उमगलं नाही. मग ओटा दिसला, नळ दिसला, आणि त्या दुपारी त्याच्याशेजारी असलेला अण्णांचा फोन आठवला. अण्णांनी माझं अर्धं बोलणं ऐकलं होतं. माझ्या वाक्यांमधल्या रिकाम्या जागा त्यांनी स्वतः भरल्या होत्या. मी म्हणतोय घेऊन जा, पलीकडून धाकटा हो म्हणतोय, आणि शेवटी मी कबूल करतोय, तू म्हणतोस तसं. त्यांच्या हिशेबात थोरल्याला ते नको होते आणि धाकट्याला हवे होते. घरी येऊ वाटत नाही, या वाक्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मी म्हणालो, "एवढ्या उन्हात कशाला जाता?" ते म्हणाले, "ऊन काय नवीन आहे व्हय."

बायकोला सांगितलं. फोनवर मी काय बोललो तेही सांगितलं, फक्त भाऊ काय म्हणाला ते सांगितलं नाही. ते सांगायला मला लाज वाटली, त्याची की माझी कुणास ठाऊक. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "तुम्ही घालवलंय, तुम्हीच थांबवा."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या गेटबाहेर उभं राहून भावाला फोन केला. अण्णा शनिवारी यायला निघालेत, निदान महिनाभर आनंदाने ठेवून घे, म्हणालो. तो नकोच म्हणाला; दादा, मला घरात तोंड दाखवायला जागा ठेवा. घरी आलो तर जिन्यात चाचा भेटले. अण्णांनी त्यांना सांगून टाकलं होतं, धाकट्याने बोलावलंय, लेकराचा जीव लई आहे माझ्यावर. चाचा मला म्हणाले, नशीबवाले हैं, आजकाल कौन बुलाता है. धाकट्याच्या बायकोसाठी अण्णांनी माझ्या मुलीला पाठवून चोळीचा खणही आणवला होता.

आता दोनच वाटा होत्या. एक तर शनिवारी त्यांना गंगापूरला न्यायचं आणि त्या दारात काय होतं ते बघायचं. नाहीतर सांगायचं.

शुक्रवारी संध्याकाळी मी गॅलरीत त्यांच्याशेजारी स्टूल घेऊन बसलो. त्यांचा फोन हातात घेतला आणि मुलीने दाखवलं होतं तसा तोंडाजवळ धरला. इतकी वर्षं मी या माणसाशी ओरडून बोलत आलो होतो. त्या दिवशी आवाज चढवायची गरजच नव्हती. पोटच्या पोराशी बोलावं इतक्या हळू मी बोललो, आणि इतक्या हळू आवाजात मी त्यांना सांगितलं की धाकट्याने बोलावलेलं नाही. तो नको म्हणाला. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा नको म्हणाला.

इथे मला खरं लिहायचं आहे. लोकांना मी सांगू शकलो असतो की वडिलांचा दारात अपमान होऊ नये म्हणून मी बोललो. ते कारण होतंच. पण त्याच्याखाली दुसरं एक होतं, आणि बोलताना मला ते जाणवत होतं. अण्णांच्या नजरेत मी एकटा गुन्हेगार होतो आणि धाकटा गुणाचा ठरला होता. त्यालाही माझ्या शेजारी उभं करायची मला घाई झाली होती. "माझं चुकलं अण्णा, तुम्ही जाऊ नका," एवढंच म्हणून मी थांबू शकलो असतो. कदाचित तेवढ्यावर ते राहिलेही असते. ते मी आधी बोललोच नाही. भावाचं सांगून झाल्यावर, मागून, शेपटासारखं जोडलं.

अण्णांनी नजर समोरच्या इमारतीवरच्या टाक्यांकडे वळवली. मग म्हणाले, "बरं."

थोड्या वेळाने म्हणाले, "तू खोटं कुठं बोललास? ओरडावं लागतंच की."

मी म्हणालो, अण्णा, तसं नाही. त्यांनी कानातले बड्स काढले, एक, मग दुसरा, आणि डबीत ठेवले. डबी मिटल्यावर मी जे काही बोलत होतो ते त्यांच्यापर्यंत जात नव्हतं, आणि मला ओरडण्याचा धीर झाला नाही.

पिशवी त्यांनी स्वतःच रिकामी केली. चाचांना सांगितलं की ऊन उतरल्यावर जाईन. खण माझ्या बायकोच्या हातात दिला, तू शिवून घे म्हणाले. तिने तो घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मुलीला अजून नीट काही माहीत नाही. तिला वाटतं, आजोबा राहिले म्हणजे सगळं मिटलं. तिच्या हौसेखातर ते बड्स घालतात, पाण्याच्या दिवशी नळाजवळ फोन ठेवतात, हाकही देतात. मी घरात पाऊल टाकल्याबरोबर माझे बड्स काढून ठेवतो. टीव्ही आता हळू असतो. अण्णांनीच आवाज कमी केला आहे. तो पूर्वीसारखा मोठा करा, असं त्यांना म्हणावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडाने म्हणू?

गेल्या रविवारी धाकटा भाऊ आला, बायको आणि पायलीभर गहू घेऊन. तो येणार असल्याचं कळलं त्या सकाळी अण्णांनी मला गॅलरीत बोलावलं. त्या दिवसानंतर त्यांनी आपणहून मला बोलावलं ते पहिल्यांदाच. मी फोन तोंडाजवळ धरून बसलो, पण त्यांना माझ्याकडून काही ऐकायचं नव्हतं.

"त्याला म्हणू नको," ते म्हणाले, "मला कळलंय म्हणून. जीवाला लावून घेईल."

मी मान हलवली. माझ्या जीवाला काय लागलंय हे त्यांनी विचारलं नाही, आणि का विचारावं?

दुपारी सगळे जेवले. चहाच्या वेळी धाकटा अण्णांच्या समोर बसला, माझ्याकडे एकदा बघून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, चला की गावाकडं आता. किती दिवस इथं राहता?"

फोन त्या दोघांच्या मधोमध, बशीशेजारी होता. बड्स अण्णांच्या कानांत होते.

अण्णांनी हसून कानाला हात लावला आणि मान हलवली. "ऐकू येत नाय रे बाबा," म्हणाले. "चहा घे, गार होईल."