गॉगलही वाढत्या मापाचा

मंडळी, आत्ताच धुळ्याहून परत आलेय आणि डोकं तापलंय.

डॉक्टरांनी बजावलंय, लेकीच्या डोळ्यांना ऊन लागू देऊ नका. म्हणून सासूबाईंना घेऊन गॉगल आणायला गेले. नाकावर नीट बसणारा, कानामागे न रुतणारा एक मिळालाही. पोरगी आरशात बघून खुदकन हसली.

सासूबाई म्हणाल्या, "पोर वाढती शे, मोठा ले."

त्यांच्यापुढे माझं कधी चाललंय? मोठाच घेतला. स्टँडवर येईपर्यंत तो सारखा नाकावरून घसरत होता. शेवटी लेकीनेच काढून माझ्या पिशवीत टाकला.

नव्वदीच्या दशकात साक्रीच्या बाजारातून आईने मलाही असाच घेतला होता. मला बरोबर बसायच्या आधीच तो मोडला.

गॉगल मापाचा होईपर्यंत पोरीचे डोळे थांबतील का हो?