भाव गावचा, भाव शहराचा

गाव सोडलं त्या दिवशी आम्ही आमचं घर उतरवत होतो. पत्रे आमचे, जागा दिगंबररावांची. त्यांना तिथं कडब्याची गंज रचायची होती. वडील वर चढून एकेक पत्रा खाली देत होते आणि म्हणत होते, "भांडू नको. जागा ज्याची, शब्द त्याचा." मी भांडलोच. मग देगलूरहून बस धरली आणि हैदराबादला गौलीगुड्यात उतरलो.

आज कुकटपल्लीत माझं दुकान आहे. पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या घेतो, विकतो. "अण्णा, कोंचम तग्गिंचंडी," म्हणत गिऱ्हाईक भाव पाडायला येतं आणि माझ्याच भावात माल उचलून "हौ सेठ" म्हणत जातं. इथं आलेल्या आपल्या माणसांना विचारा, सौद्यात मला कोणी हरवलेलं नाही. गावानं हरवलं.

धाकटा भाऊ नामदेव गावातच राहिला. ट्रॅक्टर चालवतो, भाड्याच्या खोलीत राहतो. यंदा त्याला घरकुल मंजूर झालं, पण ते बांधायला स्वतःच्या नावावर जागा लागते. मुदतीत जागा दाखवली नाही तर घरकुल गेलं. रस्ता मोठा झाल्यापासून शहरातले लोक प्लॉट घेतात, तारेचं कुंपण घालून जातात. राहायला कोणीच येत नाही. उरला दिगंबररावांचा शाळेमागचा तुकडा. नामदेवनं सौदा जवळजवळ जमवत आणला होता.

आणि मी मदतीला गेलो. तेलंगणाच्या नंबरची गाडी त्यांच्या ओट्यासमोर लावली. दिगंबररावांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या शेठ! तुमच्या हैदराबादच्या मानानं ही जागा म्हणजे फुकटच," असं म्हणून त्यांनी दुप्पट भाव सांगितला. माझं डोकं फिरलं. "आमच्या डोक्यावरचे पत्रे तुम्ही उतरवायला लावले," मी ओरडलो.

ते हसले. "म्हणून तर शेठ झालात!"

बाहेर आल्यावर नामदेव म्हणाला, "दादा, मी बोललो तर भाव गावचा असतो. तू बोललास की शहराचा होतो." त्याची बायको सुमन त्याहून स्पष्ट. "भाऊजी, चहा घ्या अन् उजेडाचं निघा. परत त्या जागेचं नाव काढू नका." राग आला. पण खोटं काय बोलली?

आज नामदेव गावातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन पुन्हा दिगंबररावांकडे बसला आहे. हैदराबादवाल्याचा यात पैसा नाही, असं तो सांगणार आहे, आणि ते खरं ठेवायचं मी कबूल केलंय. फोन गल्ल्यावर पडून आहे. दोनदा नामदेवचा नंबर लावला, वाजायच्या आत तोडला. समोर बसलेल्या दिगंबररावांनी त्याच्या फोनवर माझं नाव वाचलं तर?

गावाकडच्यांनो, तुम्ही म्हणता मी गाव विसरलो. मला तिथं जागा नको. नामदेवला मिळू द्या. मी त्याच्या ओसरीवर बसेन, सुमन म्हणेल तेव्हा उठेन. नाही मिळाली तर तोही बायको-पोरांना घेऊन इकडेच येईल. मग कधी गावात उतरलो आणि पारावरच्या कुणी विचारलं, "कुणाकडं आलात, पाव्हणं?" तर सांगायला माझ्याकडे एकही नाव उरणार नाही.